हजेरीत सगळे होते

मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी विद्यापीठातल्या संशोधक मुलांच्या वसतिगृहामागचं न्हाणीघर कोसळलं. छतावर पाण्याने भरलेल्या टाक्या होत्या, त्या छतासह खाली आल्या. वसतिगृहाच्या अंगणात लगेच हजेरी घेण्यात आली. एकूण एक विद्यार्थी हजर होता. अग्निशमन दलाने ढिगारा उपसणं थांबवलं.

या विद्यापीठाच्या बातम्या मी नोकरीची बहुतेक वर्षं दिल्या. निवृत्तीनंतर दिवाळी अंकासाठी त्या दिवसांवर लिहायचं कबूल केलं, तेव्हा गमतीदार तेवढं लिहावं असं ठरवलं होतं. गमतीदार पुष्कळ आहे आणि त्यातलं थोडं पुढे येईलही. पण लिहायला बसलं की हा गुरुवार आधी येतो. विद्यापीठाचं नाव दिलेलं नाही, माणसांची नावं बदलली आहेत. बाकी जे आहे ते पाहिलेलं किंवा दोन ठिकाणी विचारून घेतलेलं आहे.

वर्तमानपत्रात प्रत्येक वार्ताहराला एक क्षेत्र नेमून देतात, त्याला 'बीट' म्हणतात. कुणाकडे पोलीस, कुणाकडे महापालिका, माझ्याकडे विद्यापीठ. नव्या माणसाला हे बीट बढतीपूर्व विश्रांतीसारखं वाटतं. खून नाही, दरोडा नाही, झाडं आहेत, मोर आहेत, मागे लेण्यांचा डोंगर आहे. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांच्या तीन संघटनांनी एकाच मागणीचं निवेदन एकाच दिवशी तीन वेळा दिलं आणि तिघांनीही कार्यालयात फोन करून सांगितलं की खरं निवेदन आमचं. कुलगुरू तिन्ही फोटोंत सारखेच हसत होते. आमच्या फोटोग्राफरने, सलीमभाईने, एकच फोटो काढून तिघांना पाठवला. फक्त कडेची माणसं वेगवेगळी कापली.

विद्यापीठ म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला सांगायचं तर इमारतींपासून सुरुवात करून चालत नाही. इमारती एकमेकींपासून इतक्या लांब आहेत की जून-जुलैत प्रवेशाला आलेली मुलं चुकीच्या विभागाबाहेर रांगेत उभी राहतात आणि दुपारी त्यांना ते कळतं. मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून ती येतात. घरात पदवीपर्यंत पोहोचलेलं पहिलंच माणूस असलेली बरीच. त्यांच्याजवळ एक बॅग, एक बादली आणि कुण्या तरी गाववाल्याचा मोबाइल नंबर असतो. वाचनकक्षात जागा रुमाल टाकून धरायची, कँटीनमध्ये एक चहा दोघांत घ्यायचा, डोंगराकडे फिरायला गेलं की अंधाराच्या आत परतायचं, हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं. मग युवक महोत्सव, मग परीक्षा, मग निकालांचा घोळ, मग दीक्षान्त समारंभ. समारंभात कुलगुरूंचं भाषण मागच्या वर्षीचंच असल्याचं एका निवृत्त प्राध्यापकाने मला फोन करून सांगितलं होतं. हे गृहस्थ रोज सकाळी फोन करत आणि आमच्या बातम्यांतलं व्याकरण दुरुस्त करत. ते गेले त्या दिवशी त्यांच्या बातमीत चूक राहू नये म्हणून डेस्कवर चौघांनी ती वाचली.

या बीटमधली सगळ्यांत लोकप्रिय बातमी चार ओळींची असते: अमुक यांना पीएच.डी. प्रदान. सोबत फोटो. ती छापून आली की गावाकडे अंक हातोहात फिरतो. त्याआधी खुली मौखिक परीक्षा होते. बाहेरून आलेले परीक्षक प्रश्न विचारतात, मागच्या रांगांत गावाहून आलेले काका-मामा फेटे बांधून बसतात, उत्तर झालं की विषय कळो न कळो मान हलवतात. नंतर उमेदवाराकडून सगळ्यांना जेवण. नियमात हे कुठेही लिहिलेलं नाही. जेवण न देणारा उमेदवार मात्र मी पाहिलेला नाही.

आता एक शब्द समजून घ्यावा लागेल. 'पॅरासाईट'. वसतिगृहात खोली मोजक्यांना मिळते, राहायची गरज त्याच्या कितीतरी पट मुलांना असते. ज्याला खोली मिळाली तो आपल्या गावाचा, विभागाचा किंवा नुसताच ओळखीचा एखादा मुलगा ठेवून घेतो. ठेवून घेतलेल्याला सगळे, तो स्वतःसुद्धा, पॅरासाईट म्हणतात. शिवी म्हणून नव्हे. "मी पॅरासाईट आहे, सर," असं एकाने मला परिचय करून देताना सांगितलं होतं, एखादं पद सांगावं तसं. आज विद्यापीठांत शिकवणारे कितीतरी जण एकेकाळचे पॅरासाईट आहेत. एक तर पुढे त्याच वसतिगृहाचा रेक्टर झाला, म्हणजे मुलांच्या वसतिगृहावर देखरेख ठेवणारा प्राध्यापक. हे रेक्टर वाकळे सर. त्या गुरुवारी तेच होते.

पॅरासाईटने राहायचं कसं, याचीही रीत ठरलेली आहे. डबा एक, जेवणारे दोन. गादी खाटेखाली गुंडाळून ठेवायची. आणि रेक्टर अचानक हजेरी घ्यायला आले की गडबडून बाहेर पळायचं नाही, पळणारा पकडला जातो. खोलीचा खरा मालक बाहेर गेलेला असेल तर पॅरासाईटने शांतपणे उभं राहून त्याच्या नावाला 'हजर' म्हणायचं. यात दोघांचं भागतं. मालकाची गैरहजेरी लागत नाही, पॅरासाईट उघडा पडत नाही. बाकीची मुलं समोर बघत राहतात. रेक्टरांना दर वर्षी नव्या मुलांचे चेहरे पाठ होईपर्यंत वर्ष संपतं. वाकळे सरांना ही रीत माहीत होती, ती त्यांनी स्वतः पाळलेली होती. "कळतं हो मला," ते एकदा म्हणाले होते, "पण कळलं असं दाखवलं तर त्या पोराने जायचं कुठं?"

रामेश्वर बिडगर हा त्या वसतिगृहातला खोलीधारक. खुलताबादच्या पलीकडच्या डोंगरपट्टीत त्यांची वस्ती, घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. मेंढपाळांच्या चराईच्या वाटांवर त्याचं संशोधन चालू होतं आणि प्रबंध जवळजवळ पुरा झाला होता. त्याच्या खोलीत किशोर तांगडे राहायचा. हा भोकरदनकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, त्याच विभागात संशोधन करणारा, खोली न मिळालेला. रामेश्वर माहिती गोळा करायला रानोमाळ फिरायचा, त्यामुळे हजेरीच्या वेळी तो नसायचाच. 'बिडगर' हे नाव आलं की किशोर 'हजर' म्हणायचा, त्यामुळे वाकळे सरांच्या लेखी बिडगरचा चेहरा किशोरचाच होता. एकमेकांना ते भाऊ म्हणायचे, चारचौघांत किशोरला "आमचे डुप्लिकेट बिडगर" म्हणून हाक मारली जायची आणि तो ओ द्यायचा.

त्या गुरुवारी सलीमभाई आणि मी शेजारच्या विभागात एका मौखिक परीक्षेला गेलो होतो. उमेदवार उत्तीर्ण झाला होता, जेवणाला बसलो होतो. उकाडा होता. अचानक वारं सुटलं, मांडवाचं कापड फाटलं, शिऱ्यात धूळ पडली. पाठोपाठ मोठा आवाज आला. टायर फुटला असेल, असं कुणी तरी म्हणालं. सलीमभाई ताट ठेवून उठला. "सर, ये टायर नहीं है. कुछ गिरा है. चलो."

वसतिगृहाच्या मागच्या बाजूला धुळीचा लोट होता. न्हाणीघराची एक भिंत उभी होती आणि ती बाहेरच्या बाजूला झुकलेली होती. बाकी सगळं जमिनीवर. फुटलेल्या टाक्यांचं पाणी विटांमधून वाहत होतं. उन्हाळ्याची सुटी असल्याने वसतिगृहात परवानगी घेतलेले संशोधकच होते. ते अंगणात जमा झाले होते, कुणी अनवाणी, कुणी बनियनवर. अग्निशमन दलाची गाडी आली. जवानांनी हाताने विटा काढायला सुरुवात केली. वाकळे सर धावत आले. त्यांनी पहिलं काम केलं ते हजेरीचं. तेच करणं योग्य होतं.

त्यांनी एकेक नाव मोठ्याने घेतलं. एकेक 'हजर' आला. 'बिडगर' म्हटल्यावरही आला.

अग्निशमन दलाचे अधिकारी जवळ उभे होते. त्यांनी विचारलं, "सर, नक्की ना? आत कुणी नाही?"

वाकळे सर म्हणाले, "नाव घेऊन विचारलंय. प्रत्येकाने उत्तर दिलंय."

अधिकाऱ्यांनी झुकलेल्या भिंतीकडे पाहिलं आणि जवानांना मागे बोलावलं. खाली कुणी नसेल तर त्या भिंतीखाली माणसं उभी करण्यात अर्थ नव्हता. अभियंता येऊन पाहील, मग भिंत पाडू, मग ढिगारा काढू, असं ठरलं. कोणत्याही शहरात असंच ठरलं असतं.

बातमीसाठी प्रत्यक्षदर्शी लागतो. पायरीवर बसलेल्या एका मुलाकडे मी गेलो. आमच्या कामात नाव, गाव, वय या क्रमाने विचारतात, बाकीचं नंतर. त्याने नाव सांगितलं, रामेश्वर बिडगर. गाव, खुलताबादजवळ. वय विचारलं तेव्हा तो थांबला. धक्का बसलेल्या माणसाचं असं होतं, म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला. तो म्हणाला की कानात इअरफोन होते, खाट हलली तेव्हा कळलं. सलीमभाईने त्याचा फोटो घेतला. आमच्या पोर्टलवर लगेच बातमी गेली: वसतिगृहाचं न्हाणीघर कोसळलं, सर्व विद्यार्थी सुखरूप, रेक्टरांची माहिती.

वारा पडला. बघायला आलेली गर्दी पांगू लागली. चहा आला. दुपार कलायला लागली होती तेव्हा फाटकाकडून एक म्हातारा माणूस चालत आला. डोक्याला लाल मुंडासं, हातात काठी, खांद्यावर कापडी पिशवी. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात बकरं विकून तो नेहमीप्रमाणे मुलाला भेटायला आला होता. हे लक्ष्मण बिडगर, रामेश्वरचे वडील. फाटकावरच्या रखवालदाराने त्यांना हॉस्टेल पडल्याचं सांगितलं होतं. त्यांनी अंगणात येऊन कुणालाच काही विचारलं नाही. एकेका मुलाच्या तोंडाकडे बघत ते पुढे येत होते.

वाकळे सर त्यांना सामोरे गेले. कुणाचे वडील, ते विचारलं. नाव ऐकताच त्यांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, घाबरू नका. पोरगा सुखरूप आहे तुमचा. माझ्यासमोर हजेरी दिलीय त्याने." मग वळून हाक मारली, "बिडगर! अरे, वडील आलेत तुझे."

किशोर पायरीवरून उठला. चहाचा कप त्याच्या हातातच होता.

म्हातारा त्याच्याकडे बघून हसला. ओळखीचं हसू होतं. त्या खोलीत तो कैकदा मुक्कामाला राहिला होता, दोघांना शेजारी बसवून आणलेली भाकरी खाऊ घातलेली होती. तो म्हणाला, "किशोर, बरा हायेस ना बाळा? आन् रामा कुटं हाय?"

वाकळे सरांचा हात अजून म्हाताऱ्याच्या खांद्यावर होता.

"बाबा, हाच ना तुमचा?" ते म्हणाले.

"ह्यो किशोर हाय, सायेब. रामाचा दोस्त." म्हाताऱ्याने सरांकडे वळून बघितलं. "माझं पोरगं म्या वळखंना व्हय?"

किशोरने सांगितलं की रामेश्वर लायब्ररीत आहे. जेवण झाल्यावर तो तसं म्हणाला होता. फोन लावला. फोन वरच्या मजल्यावर, खोलीत वाजला. लायब्ररीत फोन केला, तिथल्या शिपायाने वाचनकक्षात जाऊन मोठ्याने नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. तोवर दोन मुलं पळत जाऊन आली होती, कँटीनमध्येही तो नव्हता. म्हातारा प्रत्येक वेळी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

मग किशोर खोलीकडे पळाला. परत आला तेव्हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला आणि तिथूनच बोलला.

"बादली नाही."

एवढंच बोलला. पण वसतिगृहातल्या प्रत्येकाला कळलं. शहरात पाणी रोज येत नाही. त्या आठवड्यात टँकर यायचा, टाक्या भरायच्या आणि पाणी आलं की ज्याला जमेल तो बादली घेऊन कपडे धुवायला न्हाणीघरात जायचा. टँकर त्या दिवशी दुपारी येऊन गेला होता. म्हणूनच टाक्या भरलेल्या होत्या.

किशोर झुकलेल्या भिंतीकडे धावला. त्याला एका जवानाने कमरेला मिठी मारून धरलं. अधिकाऱ्यांनी वाकळे सरांना फक्त एक प्रश्न विचारला, "आता खरं सांगा, किती जण?" भिंतीला टेकू लावून जवान पुन्हा आत शिरले. या वेळी मुलंही शिरली, कुणी अडवलं नाही. विटा हातोहात बाहेर येऊ लागल्या. सलीमभाईने कॅमेरा गळ्यातून काढून माझ्याकडे दिला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. लक्ष्मण बिडगर अंगणातल्या लिंबाखाली उकिडवे बसले. पिशवीत मुलासाठी आणलेला खाऊ होता, ती पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती. मध्येच त्यांनी मला विचारलं, "लई खोल हाय का हो?" मी नाही म्हटलं. खोल नव्हतंच.

उजेड असतानाच रामेश्वर सापडला. तो मेलेला होता. न्हाणीघराच्या दाराजवळ, बाहेर यायच्या बेतात असल्यासारखा. छताचा तुकडा त्याच्या पायांवर होता. धुतलेला शर्ट पिळून खांद्यावर टाकलेला होता.

मी या धंद्यात बरंच पाहिलेलं आहे. त्या अंगणात नंतर जे झालं त्याचं वर्णन मी त्या दिवशी लिहिलं नाही. घडलेल्या गोष्टी एवढ्याच: लक्ष्मण बिडगर मुलाजवळ गेले आणि त्यांनी खांद्यावरचा तो ओला शर्ट काढून घेतला. किशोर जमिनीवर बसला. वाकळे सर समोर येईल त्याला एकच वाक्य सांगत होते, "माझ्या हजेरीत होता हो तो." ते अभियंत्याला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, चहा देऊन गेलेल्या माणसालाही सांगितलं.

रामेश्वर तिथे नव्हता हे बाकीच्या मुलांना कसं कळलं नाही, असं मला पुढे अनेकांनी विचारलं. मी ते मुलांना विचारलं होतं. दोघांना वेगवेगळं विचारलं, दोघांनी एकच सांगितलं. 'बिडगर' या नावाला किशोरचा आवाज आला, याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता: रामेश्वर बाहेर गेलेला आहे. किशोर 'हजर' म्हणतो तेच मुळी रामेश्वर नसताना. त्यामुळे रेक्टरांना वाटलं तो अंगणात आहे आणि मुलांना वाटलं तो गावाकडे, रानात, लायब्ररीत, कुठेतरी सुरक्षित आहे. सगळ्यांनी तो 'हजर' ऐकला होता. ज्याने म्हटला त्यालाही तसंच वाटलं होतं. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "सर, आमच्यापैकी एकाने जरी विचारलं असतं ना, की किशोर, तुझावाला कुठंय. पण त्या वेळी आम्ही नेहमीसारखं समोर बघत होतो."

पोलिसांनी किशोरचा जबाब घेतला. त्याने काही लपवलं नाही. 'हजर' का म्हणालास, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की तोंडातून गेलं. आणि नाव नसलेला मी एकटाच उरलो असतो, असंही सांगितलं. पोलिसांनी लक्ष्मण बिडगरांना विचारलं, या मुलाविरुद्ध काही म्हणायचं आहे का. ते म्हणाले, "माझ्या पोराच्या नावानं ह्यो वरीसभर ओ देतोय. म्या काय म्हणू?" जबाबात ते तसंच लिहून घेतलं गेलं. ते तक्रार समजावं की तक्रार नाही समजावं, असा प्रश्न नंतर ठाण्यात निघाला. तक्रार नाही, असं धरलं गेलं.

बातम्या लिहिताना आम्ही काही शब्द फार सहज वापरतो. 'जागीच ठार' हा त्यातला एक. अपघात झाला, माणूस गेला, रुग्णालयात पोहोचला नाही, की 'जागीच'. पोलीस तसं सांगतात, कारण त्यांना कुणी तरी तसं सांगितलेलं असतं. पुष्कळदा ते घरच्यांच्या समाधानासाठी सांगितलेलं असतं. त्या दिवशी अंगणात कुणी तरी लक्ष्मण बिडगरांना म्हणालं, "बाबा, त्याला कळलंसुद्धा नसेल. जागीच गेला." कोण म्हणालं ते मला सापडलं नाही. ते वाकळे सरांनी ऐकलं आणि पोलिसांना सांगितलं. पोलिसांनी पत्रकारांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी शहरातल्या सगळ्या वर्तमानपत्रांत होतं: जागीच मृत्यू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी रुग्णालयाच्या शवागाराबाहेर बिडगरांचे नातेवाईक जमले होते. किशोर त्यांच्यापासून थोडा दूर उभा होता. कपडे आदल्या दिवशीचेच होते. मला बघून तो जवळ आला.

"सर, तुमच्या पेपरात लिहिलंय जागीच."

मी हो म्हणालो.

"कुणी सांगितलं?"

मी पोलिसांचं नाव सांगितलं.

"त्यांना रेक्टर सरांनी सांगितलंय. रेक्टर सरांना कुणी सांगितलं?"

हे प्रश्न तसे आमच्या कामातले आहेत, शिकाऊ वार्ताहराला पहिल्या महिन्यात तेच विचारायला शिकवतात.

"मला आत सोडत नाहीत," तो म्हणाला. "तुम्हाला सोडतील. डॉक्टरांना विचारता का? जे असंल ते सांगा मला. बाबांना नका सांगू."

शवविच्छेदन झालं होतं. डॉक्टर हात धुऊन बाहेर आले होते आणि खुर्चीत बसले होते. मी त्यांना दुपारचा सगळा क्रम सांगितला. न्हाणीघर कधी पडलं, हजेरी कधी झाली, काम केव्हा थांबलं, वडील केव्हा आले, काम पुन्हा केव्हा सुरू झालं. त्यांनी मध्ये दोनदा थांबवून तोच क्रम पुन्हा विचारला. मग त्यांनी सांगितलं की डोक्याला मार नव्हता. छातीला नव्हता. पाय दबलेले होते आणि तिथून रक्त गेलेलं होतं, हळूहळू. श्वासनलिकेत खालपर्यंत धूळ होती, म्हणजे धूळ बसेपर्यंत तो श्वास घेत राहिला होता. उजव्या हाताची नखं तुटलेली होती.

मी विचारलं, काम थांबवलं तेव्हा तो जिवंत होता का?

डॉक्टर म्हणाले, "होता."

त्यांच्या सोबतच्या दुसऱ्या डॉक्टरांना मी वेगळं विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं.

त्यानंतरच्या बातमीत 'जागीच' हा शब्द आम्ही काढला. त्याच्या जागी दुसरा शब्द घातला नाही. लक्ष्मण बिडगर हयात होते तोवर याबद्दल अधिक काही छापलेलं नाही. ते आता नाहीत.

मी बाहेर आलो तेव्हा मृतदेह ॲम्ब्युलन्समध्ये ठेवत होते. किशोर दाराशी माझी वाट बघत होता. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते मी त्याला सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. त्याने ते ऐकून घेतलं. एवढ्यात लक्ष्मण बिडगरांनी ॲम्ब्युलन्सच्या मागच्या दारातून हात बाहेर काढून त्याला हाक मारली, "ये रं किशोर, हितं बस. रामाच्या उशाला कुणी तरी पायजे."

नातेवाइकांनी बाजूला होऊन वाट दिली. किशोर आत चढला. ॲम्ब्युलन्स खुलताबादच्या रस्त्याला लागली तेव्हा तो लक्ष्मण बिडगरांच्या शेजारी बसलेला होता.